सातवं चित्र

"लॅपटॉप जुना हाय काका. लय जुना," सूरज फोनवर ओशाळून म्हणाला.

"किती जुना?" जोतीरामनं विचारलं.

"बारा वर्सं झाली. नुसता चालू व्हायलाच पाव तास घेतोय."

"वा!" जोतीराम म्हणाला आणि लगेच कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत फुली मारून मोकळा झाला.

जुना लॅपटॉप म्हटल्यावर वा म्हणणारा माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच होता. कराडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक म्हणून एकतीस वर्षं काढून जोतीराम निवृत्त झाला होता, आणि तेव्हापासून लोकांच्या मशीनवर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स घालून देणं हा त्याचा उद्योग होता. नव्या मशीनवर ते काम सहा मिनिटांत उरकतं. सहा मिनिटांत पाहुण्याचं पाणी पिऊन होत नाही, तोवर यजमान "झालं का?" म्हणून दाराकडे बघायला लागतो. जुन्या मशीनला मात्र पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ घरच्या माणसाला शेजारी बसावं लागतं. जोतीरामला तो पाऊण तास हवा असे.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी अंकिता पुण्यात होती. ती दर रविवारी फोन करून जेवलात का विचारायची, पण यानं लिनक्सचं नाव काढलं की तिच्या कुकरला शिट्टी व्हायची. पुतण्या शिवतेजच्या लग्नात हा आहेर द्यायला स्टेजवर चढला आणि नवरदेवाला "तू विंडोज वापरतोस काय रं?" असं विचारून त्यानं मागची रांग मांडवाबाहेर नेऊन ठेवली. त्यानंतर भावकीच्या पत्रिका त्याला पोस्टानं येऊ लागल्या, त्याही लग्न होऊन गेल्यावर.

लिनक्स बसत असताना पडद्यावर एकेक करून सात चित्रं येतात. नव्या माणसाला ओळख व्हावी म्हणून. जोतीराम त्या प्रत्येक चित्रावर मनापासून बोलायचा. पण आठ वर्षांत त्रेपन्न मशीन झाली, तरी सातव्या चित्रापर्यंत एकही माणूस टिकला नव्हता. कुणाला दुसऱ्या चित्राला फोन यायचा, कुणाला तिसऱ्याला म्हशीची आठवण व्हायची. रहिमतपूरचा एक गृहस्थ पाचव्यापर्यंत मान डोलवत होता, पण त्याला झोप लागली होती असं नंतर कळलं. एकदा, फक्त एकदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच जोतीरामचं म्हणणं होतं.

म्हणून गुरुवारी तो अकराच्या एसटीनं निघाला. कराडहून सांगली, सांगलीहून मिरज, मिरजेहून कवठे महांकाळ आणि तिथून वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपमध्ये मागच्या फळीवर बसून सूरजच्या वाडीवर. सूरज तिकडं तमिळनाडूत सेलमला सोनं गाळायच्या धंद्यात होता. आईला मोबाईलवर नातवंडं बारीक दिसतात, तर मोठ्या पडद्यावर दिसावीत, म्हणून त्यानं हा लॅपटॉप गावी पाठवून दिला होता.

घर नवं होतं, वर गच्ची, खाली चकाचक फरशी. अशी घरं वाडीत पुष्कळ होती. बांधणारे सगळे सेलमला नाहीतर त्याच्याही पुढं, आणि राखायला एकेक म्हातारं माणूस. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सूरजची आई रंगुबाई दारातच उभी होती.

"या पावणं. लांबनं आलासा."

"आक्का, पाऊण तासाचं काम आहे," जोतीराम बॅग उघडत म्हणाला.

"पाऊनच?" रंगुबाई म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

त्यानं पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं. पडद्यावर ओळ आली: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

"आक्का, यात ठेवण्यासारखं काही आहे का? जाईल सगळं."

"काय बी न्हाई. सूरजनं समदं आदीच काडून न्हेलंय."

पुढची ओळ आली: आपण कोण आहात? जोतीरामनं ती मोठ्यानं वाचून दाखवली.

"आगं बया! ते मला इचारतंय?"

"तुम्हालाच. नाव सांगा."

"रंगुबाई," ती पदर सारखा करत पडद्याकडं तोंड करून म्हणाली. "लय दिसांनी कुनीतर इचारलं बगा."

"आता पासवर्ड. तो मात्र कुणाला सांगायचा नाही."

"सांगायला हाय कोन हितं?"

जोतीराम पडद्याकडं वळला. त्यानं बटण दाबलं. डिस्क कुरकुरायला लागली आणि पट्टी एक टक्क्यावर येऊन बसली. जोतीरामनं घसा साफ केला. पण तेवढ्यात रंगुबाई उठली. "च्याला दूध न्हाई. मंगलकडनं आनती. तवर थांबवा तुमचं." ते थांबवता येत नाही हे सांगेपर्यंत ती चपला घालून बाहेर पडली होती.

पहिल्याच चित्राला श्रोता उठून गेला. आठ वर्षांतला हा नवा उच्चांक होता. जोतीराम सोफ्यावर बसून राहिला, खालचं प्लास्टिक करकरत राहिलं. चार तास प्रवास करून एका बाईच्या रिकाम्या घरात दोन टक्के बघत बसण्यापेक्षा कराडला आपल्या रिकाम्या घरात बसलो असतो तर निदान जेवण तरी वेळेवर झालं असतं, असं त्याच्या मनात आलं.

दहा मिनिटांनी रंगुबाई परतली. हातात दुधाची चरवी होती आणि मागं शेजारची मंगल. मंगलच्या मागं तिची सासू होती, सासूच्या मागं आणखी चौघी. सगळ्याजणी आल्या आणि फरशीवर बसल्या.

"ह्येच का ते सायेब?" मंगलनं विचारलं. "सुरू झालं व्हय?"

"नुकतंच," जोतीराम म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "तुम्ही हे बघायला आलात?"

"आमालाबी करायचंय की!"

आणखी माणसं आली. डोक्याला मुंडासं बांधलेले चार म्हातारे आले, रोजगार सोडून बाया आल्या, एकजण तर ट्रॅक्टर दारातच उभा करून आला. चरवीभर दुधात भागेना, म्हणून रंगुबाईनं आधणात पाण्याचा तांब्या ओतला आणि साखर वाढवली. सोफ्यावरचं प्लास्टिक फाटलं. जोतीरामला वाटलं, आपण आठ वर्षं उगाच कराडच्या आसपास फिरत बसलो. लिनक्सचे खरे भुकेले इकडं पूर्वेला होते.

"हे बघा," तो उभा राहून म्हणाला, "याला पैसे पडत नाहीत. अर्ज नाही, फी नाही, कुणाची शिफारस नाही."

लोकांनी एकमेकांकडं पाहून माना डोलावल्या. मंगल सासूला म्हणाली, "बगा, मी म्हनलं न्हवतं? तालुक्याला उगाच घेत्यात."

"आणि एकदा घातलं की जन्मभर बघायला नको."

"आँ? दरसाली करायचं न्हाई?"

"अजिबात नाही!"

इतका आनंद जोतीरामनं कुठल्याच चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. दुसरं चित्र झालं, तिसरं झालं. जागचं कुणी हललं नाही. फोन वाजला तर वाजवणाऱ्यालाच लोक गप्प करत होते. चौथ्या चित्राला मंगलनं पिशवीतून एक कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. "सायेब, आदार आता दिऊ का मागनं?"

"लिनक्सला आधार लागत नाही," जोतीराम अभिमानानं म्हणाला.

"लागत न्हाई? मग केवायसी कशी हुयाची?"

जोतीरामनं खोलीभर नजर फिरवली. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड होतं. कुणी बँकेचं पासबुक आणलं होतं, कुणी रेशन कार्ड, आणि सावधपणे सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्सा. लॅपटॉप घेऊन आलेला परका माणूस, समोर बसवून नाव विचारतो, आणि कुणाला न दाखवता काहीतरी टाइप करतो. अशा माणसाला वाडीवर एकच काम असतं: सरकारी पैशांसाठी लोकांची ओळख पटवून घेणं.

आता खरं सांगायला हवं होतं. जोतीरामला ते कळत होतं. पण पट्टी एकसष्ट टक्क्यांवर होती, पुढ्यात तीस-पस्तीस माणसं मांडी घालून बसली होती, आणि तीन चित्रं उरली होती. त्यानं तोंड उघडलं.

"केवायसीचं शेवटी बघू," तो म्हणाला, आणि पाचवं चित्र समजावून सांगायला लागला.

ते फोटोंचं चित्र होतं. लोकांनी तेही निमूट ऐकलं. मात्र जोतीरामला आपलाच आवाज पोकळ वाटायला लागला होता. तो भराभर बोलत सहाव्यावर आला. ते गाण्यांचं होतं. एवढ्यात दारातून एक म्हातारा काठी टेकत थेट पुढं आला. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली.

"ह्यो बिराप्पा," रंगुबाईनं ओळख करून दिली.

"सायेब," बिराप्पानं उजवा हात पुढं केला, "माजा आंगठा न्हाई लागत कुटंच. मेंढरं राखून, लोकर कातरून पार घासून गेलाय. वरीस झालं, तालुक्याला पाच येळा गेलो. ते मशीन म्हनतंय तू बिराप्पा न्हाईस. तुमच्या ह्याच्यावर तरी लागंल का?"

"यात अंगठा लागत नाही, बाबा." हे वाक्य जोतीरामच्या तोंडून सवयीनं गेलं.

"लागतच न्हाई?" बिराप्पाचे डोळे भरून आले. त्यानं चक्क काठी खाली ठेवली आणि जोतीरामचा हात दोन्ही हातांत धरला. "मग झालं की रं माजं काम! देवागत आलास!"

जोतीरामनं पडद्याकडं पाहिलं. पट्टी ब्याण्णववर होती. सातवं चित्र एका टिचकीच्या अंतरावर होतं, आणि ऐकायला आख्खी वाडी बसली होती.

"बाबा, ही केवायसी न्हाई," तो म्हणाला. घाईत त्याची लॅबमधली भाषा गळून पडली होती. "मी सरकारचा माणूस न्हाई. मी नुसतं लिनक्स घालतोय. मला मगाशीच कळलं हुतं, तरी मी बोललो न्हाई. माझं चुकलं."

मंगलनं विचारलं, "मग आमी घंटाभर काय बगत हुतो?"

"लिनक्स."

"ती कुनाची योजना म्हनायची?"

"कुणाचीच न्हाई."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर जोतीरामला बरं वाटलं असतं. पण लोक नुसते उठले. झेरॉक्सा पिशवीत गेल्या, गुडघे वाजले, चपलांचे जोड जुळले. ट्रॅक्टर सुरू झाला आणि लांब गेला. बिराप्पा शेवटी निघाला. जोतीरामनं त्याला उंबऱ्यापाशी गाठून सांगितलं, की अंगठा लागत नसेल तर डोळ्यांवरून करून घेतात म्हणे, तालुक्याला तसं स्पष्ट मागायचं, आणि एका कागदावर ते लिहूनही दिलं. बिराप्पानं कागद मुंडाशात खोचला.

"बोलत चांगला हुतास पर," तो म्हणाला आणि गेला.

जोतीराम परत आत आला तेव्हा पडद्यावर 'काम पूर्ण झाले' एवढीच ओळ होती. काम पूर्ण झालं की चित्रं जातात. त्यानं पेन ड्राइव्ह काढला, वायर गुंडाळली. रंगुबाई भिंतीला टेकून जागच्या जागी बसून होती.

"तुम्ही गेला न्हाई?" त्यानं विचारलं.

"मी कुटं जाऊ? माजंच घर हाय."

जोतीरामला हसू आलं, आणि त्या हसण्याची त्यालाच लाज वाटली. "आक्का, तुमच्या दारात तुमच्या माणसांचा खोळंबा केला मी. त्यांना केवायसीचं कुणी सांगितलं काय की."

"मी सांगितलं."

"तुम्ही?"

"दूध आनाय गेली तवा मंगलला म्हनलं, माज्या घरात केवायसी चाललीय. बास, तेवडंच." रंगुबाई फरशीवर पडलेल्या एका कपाची कड बोटानं पुसत होती. "नुसतं ये म्हनलं तर येत न्हाई हो कोन. ज्येला त्येला काम हाय. वास्तुशांतीपास्नं हितं येवडी मानसं बसली न्हवती. पंचवीस कप च्या केला आज. मला काय म्हाईत, बिराप्पा येईल आंगठा घिऊन. उंद्या जाती तेच्याकडं, पाया पडती."

जोतीरामनं इकडचेतिकडचे कप गोळा करून तिच्या पुढ्यात ठेवले. बाहेर कुणाचं तरी कोकरू ओरडत होतं. मग रंगुबाईनंच विचारलं, "एक चित्र ऱ्हायलं न्हवं का तुमचं? काय हुतं त्यात?"

"मदतीचं. कुठं अडलं तर विचारायला जगभर माणसं बसलीत, असं लिहिलेलं असतं."

"बसत्यात का खरंच?"

"लिहितात तर तसं," जोतीराम म्हणाला.

"मग दावा की."

"ते गेलं आता. बघायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासनं घालायला लागेल. सगळं पुसून."

"पुसा," रंगुबाई म्हणाली. "आत्ताच तर घातलंय. त्यात जायासारकं हाय काय?"

"आक्का, पाऊण तास जाईल. सगळी चित्रं परत बघायला लागतील. माझी शेवटची जीप पाचला हाय."

"ती रोजच आस्ती." ती उठली, सोफ्यावरचं फाटकं प्लास्टिक तिनं ओढून काढलं, कोपऱ्यात टाकलं आणि पडद्यासमोर नीट मांडी घालून बसली. "हां. इचार म्हनावं त्येला आता, मी कोन हाय ते."