चष्मेवाल्याचा नकार

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. त्यातून गोष्ट आहे विश्वासाचीच, म्हणजे पंचाईत दुप्पट. पण घडलं ते असं, की चर्चच्या वार्षिक सभेत चष्मेवाल्याला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, म्हणून निवडलं, आणि चष्मेवाल्याचा देवावर काडीइतकाही विश्वास नव्हता.

तो दर रविवारी यायचा, हे खरं. बायको तिथे गायची. तिला घेऊन यायचा, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, गाणी मन लावून ऐकायचा, आणि उपदेश सुरू झाला की कुणाच्या नाकावरचा चष्मा कुठे कलला आहे ते बघत वेळ काढायचा. सभा असली की बाहेर जाऊन उभा राहायचा. त्यामुळे तिथली रीत त्याला ठाऊक नव्हती. रीत अशी, की वडील व्हायचं असेल तर आधी नाही म्हणायचं. जो पटकन हो म्हणतो तो पदाला हपापलेला. मागे एक कंत्राटदार "हो, का नाही" म्हणून बसला, तो अजून खालीच बसलेला आहे.

त्या दिवशी पाऊस होता म्हणून चष्मेवाला आतच थांबला. कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. तो दचकून उठला.

"अहो, नको. मी लायक नाही."

सगळीकडे माना डोलल्या.

"तसं नव्हे. माझा देवावर विश्वासच नाही."

वडीलमंडळाच्या प्रमुख मावशी डोळे पुसायला लागल्या. "ऐकलंत? बाकीचे नुसतं लायक नाही म्हणतात. एवढं खाली वाकलेला माणूस मी पाहिला नव्हता."

"मावशी, मी वाकलेलो नाही. खरंच सांगतोय."

"तेच तर," मावशी म्हणाल्या, आणि टाळ्या अशा पडल्या की छपरावरची कबुतरं तीन गावं ओलांडून गेली.

तो तडक रविवारी उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांच्या खोलीत गेला. ते ओले मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घालत होते.

"साहेब, हे थांबवा. न मानणाऱ्यानं मंडळी चालवायची म्हणजे काय?"

"तुम्हाला चष्मा आहे?"

"नाही."

"मग दुकान कसं चालवता?"

"मला लागत नसला तरी लोकांना लागतो, हे मी मानतो. तुमच्या मालाबद्दल माझं तेवढंही मत नाही."

पाळकसाहेबांनी मोजा उलटा करून पुन्हा वाळत घातला. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माझ्या वडीलमंडळात सगळे मानणारे आहेत आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मानल्यानं नेमकं काय होतं, ते मलाच कधीकधी सापडत नाही. शपथविधीला मी सगळ्यांसमोर विचारणार, विश्वास ठेवता का. तेव्हा नाही म्हणा. त्या नाहीचा हो करायला कुणी रीत काढलेली नाही."

सुटका तर सोपी होती. पण तोवर मावशींनी त्याला कामाला लावलं. अंथरुणाला खिळलेल्या एक शाळेच्या बाई होत्या, त्यांच्याकडे पाठवलं.

"प्रार्थना करा," बाई म्हणाल्या.

"मला येत नाही, बाई."

"मग बसा. येणारे सगळे आमेन म्हणता म्हणता चपला शोधतात."

तो बसला. काय करावं कळेना म्हणून बाईंचा चष्मा काढून घेतला, खिशातल्या बारीक पेचकसानं दांडी घट्ट केली, काचा पुसल्या. बाई बोलत राहिल्या. मेल्यावर काही असतं का, असंही विचारलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. बाईंनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं मला एकटीलाच माहीत नाही."

हे गावभर झालं. त्या आठवड्यात निम्म्या मंडळीच्या चष्म्यांचे स्क्रू एकाएकी ढिले झाले. दुकानात माणसं रांग लावून बसत, दांडी पुढे करत आणि हळूच संसाराचं बोलत. तो उपाय सांगत नसे. त्याला सुचतच नसे. लोक म्हणत, बघा, किती जपून बोलतो.

हे सगळं त्यानं हसून झटकलं असतं. पण बायकोचं काय करायचं? लग्न झाल्यापासून ती त्याच्यासाठी प्रार्थना करत होती, हे अख्ख्या मंडळीला माहीत होतं. आता बायका रस्त्यात थांबवून तिचे हात हातात घेत. "ऐकलं गं देवानं तुझं." ती हसायची आणि पुढे जायची. घरी त्याबद्दल एक शब्द काढायची नाही.

"तुला काय वाटतं?" त्यानं एकदा विचारून पाहिलं.

"मला काय वाटायचंय? भाजी वाढू?"

शपथविधीच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याचा शर्ट इस्त्री केला, कॉलरीवरून दोनदा हात फिरवला. तेवढ्यानं तो हरला. देव नाहीच, तर नसलेल्याशी खोटं बोलल्यानं कुणाचं काय बिघडतं, असा त्यानं हिशेब केला. आणि नाही म्हणालो, तर तिला त्या सगळ्या बायकांच्या देखत उभं राहावं लागेल.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बाईंनाही खुर्चीसकट उचलून आणलं होतं. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडे पाहिलं. वाट मोकळी ठेवल्यासारखं, सावकाश.

"तुम्ही देवावर विश्वास ठेवता का?"

चष्मेवाल्यानं गाणाऱ्यांच्या बाजूला न बघता, खाली फरशीकडे बघून सांगितलं, "हो. ठेवतो."

पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मावशींनी रुमाल काढला. गाणाऱ्यांच्या रांगेतून त्याची बायको हातातलं गीतपुस्तक शेजारणीकडे देऊन पुढे आली.

"पाळकसाहेब, हे खोटं बोलतायत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी देवाकडे ह्या माणसासाठी मागतेय ते असलं मिळायला नव्हे. ह्यांना परत विचारा. आणि निवडायचंच असेल, तर खरं उत्तर ऐकून निवडा."