कॅसेटला कॅसेट

सुदामची बायको फजलने चोरली, असं आखातात, अल रय्यानच्या कामगार कॅम्पमधल्या त्या खोलीत सगळे चेष्टेने म्हणत. खरं तर त्याच खोलीतल्या फजलने सुदामचा टेपरेकॉर्डर चोरला होता. बायको फुलाबाई आतल्या कॅसेटवर होती. बीडजवळच्या गावाहून तिने दोन्ही बाजू बोलून भरून पाठवल्या होत्या. पहिली बाजू सुदामने ऐकली. दुसरी सुट्टीच्या शुक्रवारसाठी राखून ठेवली, आणि गुरुवारीच यंत्र गेलं.

पुढे फजल एका दुकानात रंगेहाथ सापडून तुरुंगात गेला. त्याची ट्रंक मागायला कुणी येईना. तेव्हा कॅम्प बॉस सुरेशने जाहीर केलं, "ज्याचं ज्याचं गेलंय, त्याची भरपाई या ट्रंकेतून!"

लगेच सगळ्यांच्या चोऱ्या वाढल्या. रंगनाथची चप्पल गेली होती. त्याने बूट सांगितले. मिळाले तेही दोन नंबरांनी लहान.

"सुदाम, तुझं?"

"टेप गेला. पर मला कॅसेटच पायजे. बायकोची."

ट्रंकेत टेप नव्हता. तो फजलने केव्हाच विकला होता. फजल आत गेल्यावर त्याच्या आईची एक कॅसेट मात्र रत्नागिरीहून आली होती, तशीच बंद. सुरेशने ती पुढे केली. "कॅसेटला कॅसेट. खलास!"

सुदाम हिरमुसला. तरी रंगनाथच्या टेपवर त्याने ती लावली.

"फजल, बाबा, तुझी कॅशेट पोचली," म्हातारी बोलू लागली. "पन मागच्या बाजूला ती कोन बाय बोलते रे? निकाह केलास नि आईला सांगितलं नायस?"

सुदाम ताडकन उठून बसला. चोराने पहिल्या बाजूवर स्वतःचं बोलणं भरून तीच कॅसेट घरी धाडली होती!

"वगार झाली म्हनते. काळीभोर हाय म्हनते. काळी तर काळी, आपलीच हाय ना! मी गावभर साखर वाटली."

खोली हसून लोळली. सुदामच्या गावी म्हशीला मादी पिल्लू झालं की त्याला वगार म्हणतात. कोकणातल्या म्हातारीला नात झाली होती.

"शेवटाला पोर कायच बोलत नाय, नुसती रडते. तिला एकटी ठेवू नको, बाबा. मी रोज लावते तिला. घरात मानूस असल्यासारखं वाटतं."

हसणं थांबलं. वगार झाल्याचं पत्रातून सुदामला कळलं होतं. फुला रडल्याचं कुणी लिहिलं नव्हतं. 

"मागव कॅसेट परत," सुरेश म्हणाला. "सांग म्हातारीला, बायको माझी आहे."

सुदामने कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं, घसा खाकरला.

"अम्मी, मी फजलचा सोबती. फजल कामात हाय, म्हून मी बोलतो. सून बरी हाय. नातबी बरी हाय, दूध पिती." मग त्याने जोडलं, "उड्या मारती."

सुरेशने झडप घालून बटण बंद केलं. "अरे, चोराच्या घरी स्वतःची बायको दिलीस की!"

"ऐकायला दिलीय," सुदाम म्हणाला. "माझ्यापशी तरी कुठं हाय?"