टेबलाखालचा आवाज

तुम्ही सुट्टीत आलात की ज्यांना पाहून माझ्यामागे लपता, ते शेजारचे दिगंबरराव प्रसादसुद्धा डाव्या हाताने घेतात. उजवा हात मोज्यात असतो. मोज्याला गुंड्यांचे डोळे, लाल चिंधीची जीभ आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याचा पदर. या बाहुलीचे नाव गुणाबाई.

तुमची आई शाळेत होती तेव्हा यवतमाळच्या केबलवर दर रविवारी सकाळी गुणाबाई अर्धा तास साऱ्या गावाची उणीदुणी काढायची. हात दिगंबररावांचा, आवाज त्यांच्या बायकोचा, सुमनताईंचा. त्या टेबलाखाली बसून बोलायच्या. पडद्यावर त्यांचे नावही येत नसे आणि सत्काराची शाल नेहमी हाताला मिळायची. मी एकदा टोकले, तर दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले, "आवाज कोणीही काढेल हो, बोटांत जीव असावा लागतो."

एका रविवारी गुणाबाई माझ्यावर घसरली. "आमची शेजारीन लय इंग्रजी शिकेल हाय. भेंडीले बी थँक्यू म्हणते, अन् मंग तिले चिरते." गाव आठवडाभर हसले. पुढचा भाग मी रेकॉर्ड केला, कॅसेटवर 'तक्रारीसाठी पुरावा' अशी चिठ्ठी डकवली आणि ती कपाटात ठेवली. तक्रार तेवढी राहून गेली.

दोन वर्षांपूर्वी सुमनताई गेल्या आणि गुणाबाई मुकी झाली. तरी दिगंबरराव तिला बाजारात नेतात, भाजीवालीसमोर तिचे तोंड उघडतात आणि थांबतात. जणू भाव करायला कोणी येणारच आहे. एकदा वांगी विकणारीने विचारले, "काहून जी, बुढी बोलत नाही आता?" ते वांगी न घेताच परतले.

तेव्हापासून घरोघर त्यांचा एकच प्रश्न: आमच्या कार्यक्रमाची एखादी कॅसेट आहे का? केबलवाल्याने सगळ्या कॅसेटींवर केव्हाच लोकांची लग्ने भरली होती. माझ्याकडे ते दोनदा आले. दोनदा मी नाही म्हणाले. जीव बोटांत असतो ना, मग आवाज कशाला हवा, असे वर ऐकवलेही.

गेल्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा आले. हातात मोजा नव्हता.

"वहिनी, तिचा आवाज मला आठवेनासा झालाय," एवढेच म्हणाले.

मी कपाट उघडले. आधी ती चिठ्ठी खरवडून काढली, मग कॅसेट बाहेर आणली.

तुमच्या आजोबांचा व्हीसीआर कुरकुरत का होईना, चालला. गुणाबाई माझ्या कुंड्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्यांची टर उडवत होती. इतक्या वर्षांनी मला हसू आले. दिगंबररावांना आले नाही. ते खुर्चीच्या काठावर बसून कान देऊन ऐकत होते. वाक्य संपले आणि टेबलाखालून कोणीतरी हलकेच खोकले.

"थांबा," ते म्हणाले. "जरा मागे घ्या. गुणाबाईचं नको. सुमन खोकली, तेवढंच लावा."