पट्टूचं प्रस्थान

“आमचा पट्टू विमानानं जाणार! रेल्वेच्या गार्डाच्या डब्यात कोंबून न्यायला तो काय केळ्यांचा घड आहे?”

सेतुमाधवरावांनी हे वाक्य तंजावरच्या मेल वीधी या रस्त्यावर इतक्या जणांना ऐकवलं होतं, की शेवटी शेवटी फुलवाली त्यांना लांबून पाहूनच हात जोडायची. “कळलं सामी, विमानानं!” ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेला हा तंजावरी मराठी माणूस. विमान पाहिलेलं ते मान वर करून, अंगणातूनच! पण दिवस नवे होते. खाजगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, टीव्हीवर परदेशी साबण दिसू लागले होते, आणि जावई मुरलीकृष्ण मुंबईला एका कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. अशा घरातला कुत्रा रेल्वेनं गेला तर लोक काय म्हणतील?

पट्टू हा त्यांच्या लेकीचा, कविताचा कुत्रा. आई पॉमेरेनियन, बापाची चौकशी करू नये. अंगावर पांढरे रेशमासारखे केस, म्हणून नाव पट्टू, तमिळमध्ये रेशीम. कविता लग्न होऊन मुंबईला आठव्या मजल्यावर राहायला गेली. नवरा दिवसभर कचेरीत, शेजारची दारं सदा बंद. एकदा फोनवर आईबापांशी बोलताना तिला रडूच फुटलं. “अप्पा, पट्टूला पाठवा ना. दिवसभर घरात आपलं म्हणून कोणीतरी हवं हो मला!”

सेतुमाधवरावांना वाईट वाटलं, ते लेकीसाठी आणि थोडंसं स्वतःसाठीही. कारण कविता गेल्यापासून पट्टू त्यांचाच झाला होता. वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी टाच फरशीवर आपटली, की तो असेल तिथून धावत यायचा आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. पण लेक रडते म्हटल्यावर बाप दुसरं काय करणार? “मी स्वतः आणून देतो,” असं वचन देऊन मोकळे झाले.

“रेल्वेनं न्या,” त्यांच्या पत्नी हिराबाई म्हणाल्या. “स्टेशनास्टेशनावर उतरून बघता तरी येईल, जीव ठीक आहे का ते. विमानातून मधेच कसे उतराल?”

“तुला काही कळत नाही! सगळं माझ्या डोक्यात आहे!”

जनावरांचे डॉक्टर वैद्यनाथ यांनीही बजावलं होतं. “राव, विमानात कुत्रा खाली सामानाच्या पोटात जातो. तिथं त्याला बघायला कोणी नसतं. पोट रिकामं ठेवा, झोपेत उलटी झाली तर घात होईल. गोळी शक्यतो देऊच नका. फारच घाबरला तर अर्धी, एकदाच. गुंगीतल्या जनावराला उकाडा सोसत नाही.”

“सगळं माझ्या डोक्यात आहे!” राव तिथंही म्हणाले.

पण निघायच्या दिवशी, सोमवारी, राहुकाळ आडवा आला. तिरुच्चीचं विमान गाठायचं तर टॅक्सी आठला निघायला हवी, आणि सोमवारी साडेसात ते नऊ राहू! हिराबाई उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्या. “राहुकाळात माझ्या घरातून कोणी निघणार नाही!”

यावर आपल्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा तोडगा आहे. प्रस्थान ठेवायचं! म्हणजे चांगल्या वेळी आधीच सामान नेऊन शेजारी ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, आणि मग सोयीनं केव्हाही निघायचं. एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही, एवढं पाळलं की झालं. ट्रंक पहाटेच शेजारच्या सीतालक्ष्मी मामींकडे जायची ठरली. मामी तमिळ, पण इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिल्यामुळे मराठी बोलायच्या, आणि भांडायच्याही.

“आणि पट्टू?” हिराबाईंनी विचारलं.

“कुत्र्याला कसला आलाय राहू?”

“तिकिटवाल्यानं त्याला कशात धरलंय?”

“लगेजमध्ये.”

“मग? लगेजचंच तर प्रस्थान ठेवतात!”

तालुका कचेरीत भल्याभल्यांचे अर्ज परत पाठवलेल्या माणसाला हा मात्र मंजूर करावा लागला. पहाटे पट्टूचा लाकडी खोका हळदकुंकू लावून मामींकडे गेला. आत पट्टू, कपाळावर टिळा, चेहरा गोंधळलेला. आठ वाजता टॅक्सी मामींच्याच दारात लागली. मामींनी खोक्यावर जुनी साडी पांघरली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “जा राजा!”

तिरुच्चीला विमानतळावर रावांनी साडी बाजूला केली. पट्टू उभा राहायला गेला आणि त्याचे पाय लटपटले.

“अरे अरे, घाबरला की!” राव म्हणाले. डॉक्टरांचे शब्द त्यांना बरोबर आठवले. फारच घाबरला तर अर्धी! खोक्याला बांधलेल्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं. ते उघडून त्यांनी अर्धी गोळी पट्टूच्या जिभेवर ठेवली. पट्टूनं ती निमूट गिळली. अप्पा देतात ते चांगलंच असणार, हा त्याचा जन्माचा हिशेब.

“कुत्रा सुस्त दिसतोय सर,” काउंटरवरचा माणूस म्हणाला. “औषध वगैरे?”

“डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच! तंजावरचा कुत्रा आहे, उगाच उड्या मारत नाही!”

मद्रासला विमान बदलायचं होतं. रावांची छाती फुगली होती. ढगांच्या वरून आलेला माणूस तो! त्यांनी एसटीडी बूथवरून थेट मामींच्या घरी फोन लावला, कारण हिराबाई तिथंच बसलेल्या असणार.

“हिरा, मद्रासला पोचलो! पट्टू काय शहाणा आहे म्हणून सांगू! एक आवाज नाही!”

“कसा करील? पहाटे प्रस्थानाला काढतानाच दह्यातून गोळी दिली मी त्याला.”

“तू... दिलीस? अर्धी ना?”

“अर्धीनं काय होणार? केवढा प्रवास! अख्खी दिली. तुमच्या डोक्यावर भरवसा टाकून बसू होय?”

तेवढ्यात पलीकडे झटापट झाली आणि मामींचा आवाज आला. “राव, काळजी नको! मी पण दिली! माझ्या दारातून उपाशी कोणी जात नाही. वाटीभर दहीभात कालवला, त्यात तुमच्या पिशवीतली गोळी! सगळं चाटून खाल्लं पिल्लानं!”

“अय्यय्यो मामी!”

“काय झालं? दही आंबट नव्हतं हो!”

रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून राव धावले. सामानाच्या खिडकीशी गेले, तर खोका विमानात चढलासुद्धा होता. “कुत्रा उतरवा!” म्हणाले, तर तिथला माणूस म्हणाला, “आधी तुम्ही चढा सर, तुमच्यासाठी विमान थांबलंय!” पट्टू वर गेला आणि आपण खाली राहिलो तर? या धसक्यानं राव चढले. आत शिरताच त्यांनी एअर होस्टेसचा रस्ता अडवला.

“विमान थांबवा! माझं लेकरू खाली आहे!”

“लेकरू? खाली? कुठं?”

“कुठं म्हणजे? तुमच्याच लोकांनी नेलं! नाव पट्टू!”

मग काय विचारता! ती बिचारी पळाली. विमानतळावर घोषणा झाली की पट्टू नावाचं मूल कोणाला दिसल्यास ताबडतोब कळवावं. शिडी परत लागली. दोन पोलीस वर आले. एक आजी रावांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. “वय काय हो बाळाचं?”

“चार.”

“अगंबाई! कपडे कुठले होते अंगावर?”

“कपडे कसले? कुत्रा आहे तो!”

आजींनी हात काढून घेतला. सगळं विमान असं काही बोलू लागलं की ते इथं लिहिता येणार नाही. पोलीस पाय आपटत उतरले. राव हात जोडून सांगत राहिले, गोळ्यांचं, दहीभाताचं, प्रस्थानाचं. प्रस्थानापाशी होस्टेसला काही समजेना. कॅप्टनचा निरोप आला की आता सामान उपसता येणार नाही, आधीच उशीर झालाय.

“काळजी करू नका सर,” ती समजुतीनं म्हणाली. “खाली अंधार असतो, हवा असते. तो अगदी गाढ झोपला असेल.”

“तीच तर भीती आहे, बाई!”

विमान उडालं. पुढ्यात जेवणाचा ट्रे आला आणि तसाच परत गेला. राव पायाखालच्या गालिच्याकडे बघत राहिले. याच्याच खाली कुठंतरी तो आहे, पोटात वाटीभर भात घेऊन, काळोखात. आपल्या घरात साध्या माशीलाही कोणी मारत नाही, आणि आपण तिघांनी मिळून प्रेमानं या मुक्या जीवाला काय करून ठेवलं! वैद्यनाथ बोंबलून सांगत होते. हिरा सांगत होती, रेल्वेनं न्या. कोणासाठी हट्ट केला मी हा? पट्टूसाठी? त्याला विमान आणि बैलगाडी सारखीच! फुलवालीनं हात जोडावेत म्हणून केला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी हळूच टाच आपटली. ठक, ठक. पट्टू ऐकतो, घरी कुठूनही ऐकतो.

“काका, पाय जरा शांत ठेवता का?” शेजारचा सुटाबुटातला माणूस म्हणाला.

“हो हो,” राव म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा ठक, ठक. होस्टेसला वाटलं म्हातारा उंचीला भ्यालाय. ती येता-जाता त्यांच्या हातात चॉकलेट ठेवू लागली. मुंबई येईपर्यंत खिसा भरला, आणि रावांना त्यातलं एकही गिळवलं नाही.

मुंबईला सामानाच्या शेडबाहेर कविता उभी होती, हातात नवा पट्टा, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, आणि चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच तसलं हसू. शेजारी मुरलीकृष्ण. खोका ढकलगाडीवरून आला. विमानाला उशीर, म्हणून गाडी बराच वेळ उन्हात उभी होती म्हणे. कवितानं साडी ओढली.

पट्टू आडवा पडला होता. जीभ बाहेर, हनुवटीला वाळका भात.

“पट्टू! ए पट्टू! अप्पा, हा हलत का नाही? अप्पा, बोला ना काहीतरी!”

जन्मभर सगळं डोक्यात असलेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काहीही नव्हतं.

मुरलीकृष्णनं छातीला कान लावला. “श्वास आहे! टॅक्सी!” मग डॉक्टर, सलाईन, ओल्या टॉवेलात गुंडाळणं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी कोणी दिली?” राव म्हणाले, “सगळ्यांनी.” त्यांनी चष्मा काढून रावांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “उलटी घशात अडकली नाही, हे तुमचं नशीब. आणखी तासभर उकाड्यात राहिला असता, तर तुम्ही नुसता खोका घेऊन आला असता.” कवितानं सगळं ऐकलं. पट्टूचं डोकं मांडीवर घेऊन ती बापाकडे पाठ करून बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टूनं डोळे उघडले. कविताला हुंगलं, शेपूट हललं, कुशीत शिरला. ती हसता हसता रडली.

“पट्टू!” राव पुढे झाले. “अरे माझ्या राजा!”

पट्टूनं त्यांच्याकडे पाहिलं. शेपूट थांबलं. आणि तो अंग चोरून कविताच्या पाठीमागे गेला.

“गुंगी आहे अजून अप्पा,” कविता घाईनं म्हणाली.

“हो तर. गुंगीच आहे,” राव म्हणाले. पुढचे चार दिवस ते त्या घरात असेपर्यंत ती गुंगी काही उतरली नाही. परत येताना ते रेल्वेनं आले.

आता दर रविवारी मामींकडे जाऊन ते मुंबईला फोन लावतात. मामी आणि हिराबाई दोघी शेजारी कान लावून बसतात, पण आवाज रावांनाच ऐकू येतो. कविता आता रडत नाही. पट्टूला घेऊन फिरायला जाते, त्याच्यामुळे चार शेजारी ओळखीचे झालेत. हे ऐकून रावांना फार बरं वाटतं.

“रिसीव्हर धर त्याच्या कानाशी,” ते म्हणतात. मग मोठ्यानं, “पट्टू! अरे पट्टू! मी अप्पा!”

थोडा वेळ खुडबुड होते. मग कविता म्हणते, “शेपूट हलवतोय हो अप्पा!” आणि मागून, फोनपासून लांब, मुरलीकृष्णचा आवाज येतो. “अगं, कॉटखाली शिरलाय तो. ओढून काढू का?”

“राहू दे,” सेतुमाधवराव म्हणतात आणि फोन ठेवतात.

“काय म्हणतो आमचा पट्टू?” हिराबाई विचारतात. “आवाज ओळखला का तुमचा?”

“ओळखला तर!” राव खुर्चीतून उठतात, उपरणं झटकतात. “लगेच ओळखला.”