सिस्टरबाईंचा शेवटचा पेशंट

खजिना शोधायचा तो व्हिडिओ गेम जगभर लोक खेळतात. कोणी पलंगावर लोळून खेळतं, कोणी जेवता जेवता, कोणी बायकोचा डोळा चुकवून. पण खेळायला बसण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुणारं माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि ते आमच्या सौंसरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, माझ्या मोबाइलच्या दुकानाला लागून राहतं.

कौसल्या सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या. अर्धी नोकरी पांढुर्ण्यात, अर्धी सौंसरात. या दोन गावांतल्या निम्म्या लोकांच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण आहे. उरलेल्या निम्म्यांनाही आहे, पण ती दंडावर नाही. हात इतका हलका, की एक गडी इंजेक्शन घेऊन झाल्यावरही पालथाच पडून राहिला. "ऊठ ना बे," म्हटलं तर म्हणाला, "आधी टोचा तं खरं." एका पोळ्याला बैल उधळला, बाजारातली माणसं दुकानांवर चढली, आणि सिस्टरबाई हातात सुईची पेटी घेऊन कोपऱ्यावर आल्या. बैल आपला आपण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला म्हणतात. मी काही हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्यानं सांगितलं त्यानं प्रत्यक्ष बैलाकडून ऐकलं होतं.

अशा बाईच्या घरी गेम आला कसा, तर मुलामुळे. अविनाश पुण्याला असतो. त्यानं नवीन मशीन घेतलं आणि जुनं दिवाळीत इकडे आणून टाकलं. "मनोजभाऊ, लावून तं ठेवा टीव्हीले," मला म्हणाला आणि गाडीत बसला. मी लावलं. बाईंना आपली मालिका पाहायची होती. त्यांनी भलतंच बटन दाबलं. पडद्यावर नदी आली, नदीत ओला काळा खडक, आणि खडकावर एक माणूस पालथा पडलेला. कपाळातून रक्त.

"अगा माय," बाई म्हणाल्या, "ह्याले तं लागलं."

मी समजावलं, की हा हिरो आहे, बुडालेल्या राजाचं सोनं शोधायला निघालाय, रिमोटवरचं हे बटन दाबलं की उठतो. बाईंनी सोनं-बिनं काही ऐकलंच नाही. त्या मोरीत गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, चष्मा पुसला आणि रिमोट हातात घेतला.

"आधी पट्टी," त्या म्हणाल्या, "मंग बाकीचं."

हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. दवाखान्यात भांडणाऱ्या दोन सोयऱ्यांनाही त्या तेच म्हणायच्या, आणि पोलिसांनाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, दिवाबत्ती झाली की, बाईंची ड्युटी सुरू. 'गेम खेळतो' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. गल्लीतल्या बाया ओट्यावर बोलवायला आल्या की म्हणायच्या, "थांबा वं जराशा, पेशंट पाहून येतो."

आणि त्यांची मतं. त्या गेमबद्दल जगात पुष्कळ लोकांनी मतं दिली आहेत, पण असली मतं कोणी दिली असतील तर मी दुकान बंद करून संत्री विकीन. हिरोला गोळी लागली की पडद्याच्या कडा लाल होतात. तो भिंतीमागे जरा वेळ दम खात बसला की लाली जाते आणि गडी ठणठणीत. हे पाहून बाई चिडल्याच. "भिंतीले टेकून जखम भरते तं आम्ही काय दवाखान्यात भजन करून राहिलो होतो का?" वाळवंटाचा भाग आला तेव्हा म्हणाल्या, "बगीच्यात संत्री तोडाले जाणारी बाई बी सोबत पाण्याची कॅन नेते. हा बह्याड नुसता नकाशा घेऊन निघाला." गंजलेल्या लोखंडी शिडीला हिरो लटकला, की मी आणि माझा साळा गुलाब श्वास रोखून बसायचो; बाईंच्या तोंडून एकच शब्द यायचा: "टिटॅनस."

बंदूक त्या चालवत नसत. दुश्मनाच्या मागून चोरपावलांनी जाऊन त्याला नुसता झोपवायचा, एवढंच. त्यानंतर त्या तिथंच थांबायच्या, त्याची नाडी पाहायची काही सोय आहे का म्हणून सगळी बटनं दाबायच्या. गेममध्ये पडलेली माणसं थोड्या वेळानं गायब होतात. "हा कुठी गेला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ॲम्ब्युलन्स आली असंन." बाईंनी मान डोलावली. "लय लवकर आली बाप्पा. सोय चांगली हाय तिथं."

पुष्कळ खेळणाऱ्यांची तक्रार आहे, की यात गेम कमी अन् सिनेमाच जास्त. मधेच रिमोट हातातून जातो आणि नुसतं पाहत बसावं लागतं. बाईंना तेच आवडायचं. सिनेमा सुरू झाला की रिमोट ठेवून त्या चहा टाकायच्या. "आता डॉक्टर पाहून राहिला त्याले. माही ड्युटी नाही."

गुलाब पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा उभं राहतं, दुसऱ्यावर सावरगाव. मधे पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि झेंड्यासाठी दोन्हीकडून गोटे चालतात. ही आमची गोटमार. गुलाबच्या डोक्यावर तिचा सगळा इतिहास कोरलेला आहे. त्यामुळे हिरोनं पहारेकऱ्याला चकवायला दगड फेकला, की त्याला हसू यायचं. "भाऊजी, मनगट पाहा त्याचं. असा गोटा तं आमच्याकडं म्हातारा कावळ्याले मारते."

"तुह्या मनगटाचं कौतुक मले नको सांगू," बाई म्हणायच्या. "तुह्या डोक्याचे टाके मीच घातले. धागा संपला होता त्या वर्षी."

एकदा मी त्यांना सांगितलं, की हा गेम खेळणारे लोक आपापलं मत इंटरनेटवर लिहितात. "मंग माहं बी लिही," त्या म्हणाल्या. माझं इंग्रजी असं, की साहेब लोक ते वाचून मराठी शिकले असते. तरी मी लिहिलं: 'मुलगा चांगला आहे, मेहनती आहे. पण त्याच्याजवळ मीठ-साखरेचं पाणी पाहिजे. घरी कोणी विचारणारं नाही का?'

वरती सगळे लोक चित्र कसं, बंदुका कशा यावर भांडत होते. त्यात हे. परदेशातून एकानं विचारलं, मीठ-साखरेचं पाणी म्हणजे काय? बाईंनी कृती सांगितली, मी लिहिली. दुसऱ्यानं लिहिलं, खेळून खेळून माझा अंगठा दुखतो. कोमट पाण्यात बुडव म्हणून सांगितलं. तिसऱ्याचे डोळे, चौथ्याची मान, पाचव्याला झोप येत नव्हती. "त्याले म्हणा, आईले फोन लाव अन् मंग झोप." महिन्याभरात जगातल्या निम्म्या खेळाडूंचा बाह्यरुग्ण विभाग सौंसरच्या बसस्टँडमागून चालू लागला. माझ्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला पडून आणि मी टाइप करून राहिलो. शेवटी लोक बाईंनाच विचारू लागले: या गेमच्या शेवटाबद्दल मोठा वाद आहे, कोणी म्हणतं फुसका, कोणी म्हणतं इतका भारी शेवट आजवर झालाच नाही, सिस्टर, तुमचं मत काय?

आणि इथंच घोडं अडलं होतं.

शेवटच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हिरो शेकोटीजवळ बसतो. तिथून पुढे शेवटचा भाग. बाईंनी त्याला तिथवर सुखरूप आणला आणि बसवून ठेवला. रोज संध्याकाळी हात धुवायचे, मशीन लावायचं, चारही बाजूंनी त्याला फिरवून पाहायचं, कपाळावरची पट्टी न्याहाळायची आणि बंद करायचं. उन्हाळा गेला, कपाशी पेरून झाली, तरी हिरो शेकोटीजवळच.

"बाई, पुढं कधी न्यायचं त्याले?" गुलाब कळवळून विचारायचा.

"आराम हाय त्याले तिथं. कायले उठवू?"

पोळ्याला अविनाश आला. येताना एक रिकामं खोकं घेऊन आला. मशीन त्यानं पुण्यातल्या मित्राला द्यायचं कबूल केलं होतं. तिसऱ्या दिवशी निघताना नेणार होता. "आई, तू काय करते त्याचं?" तो म्हणाला. मी मधे पडणार होतो, पण बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बैलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी गोटमार. रिटायर झाल्या तरी बाई दरवर्षी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला जातात आणि नदीकाठच्या मलमपट्टीच्या मांडवात बसतात. बोलावणं लागत नाही. या वर्षीही गेल्या. मला वाटलं, एक संध्याकाळ उरली आणि ही बाई परक्यांची डोकी बांधत बसली. संध्याकाळी परतल्या त्या गुलाबला घेऊनच; त्याच्या डोक्याला पट्टीचं ताजं पागोटं.

अविनाशनं मशीनची वायर काढून गुंडाळली होती.

"वायर लाव," बाई म्हणाल्या. मोरीत जाऊन हात धुतले. रिमोट घेतला. "ऊठ बाबू," हिरोला म्हणाल्या, "आता जा लागते."

आणि काय खेळल्या. मी आजवर कोणाला असं खेळताना पाहिलं नाही. कडे कोसळत होते, पूल तुटत होते, आणि बाई त्याला अशा नेत होत्या जसं स्ट्रेचर गर्दीतून काढतात. एक ओरखडा उठू दिला नाही. राजाच्या सोन्याचं दालन उघडलं. टीव्हीच्या उजेडानं खोलीतली बुद्धाची पांढरी मूर्तीसुद्धा पिवळी झाली. मग छत ढासळू लागलं. सोनं की जीव, अशी वेळ.

"एक तं वीट घ्या," गुलाब रडकुंडीला आला. "एकच."

बाईंनी सोन्याकडे पाहिलंही नाही. पण बाहेर पडता पडता सिनेमा सुरू झाला, रिमोट हातातून गेला, आणि वरून आलेला दगड हिरोच्या कपाळाला लागलाच. जुन्याच जागी. बाईंनी रिमोट खाली ठेवला. या वेळी चहा टाकायला उठल्या नाहीत.

हिरो रिकाम्या हातानं एका घरापाशी येतो. दार वाजवतो. एक बाई दार उघडते. कुठं होतास, काय आणलंस, काहीच विचारत नाही. त्याला खुर्चीवर बसवते, कापड ओलं करते आणि त्याचं कपाळ पुसू लागते.

"आमचे मास्तर असेच आले होते," बाई टीव्हीकडे पाहतच म्हणाल्या.

अविनाश दचकला. "बाबा? गोटमारीत? बाबा तं त्या दिवशी दार लावून बसायचे. मीच त्यांच्यासोबत बसो."

"लग्नानंतर. त्याच्या आधी दरवर्षी यायचे. सावरगावच्या बाजूनं, कपाळ धरून. मांडवात लाइनीत उभे राहायचे ते बराबर माह्याच." बाई जराशा हसल्या. "फेकलेल्या गोट्याची जखम येगळी असते अन् घासलेल्याची येगळी. मास्तर मागच्या बोळीत जाऊन भिंतीले कपाळ घासून येत होते. दरवर्षी त्याच जागी."

गुलाबला हसू फुटलं, मग टाके ताणले म्हणून त्यानं ते गिळलं.

"तुम्हाले समजलं होतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कायले सांगू? मले तं पट्टी बांधाचीच होती."

पडद्यावरची बाई आता गाठ मारत होती. सिस्टरबाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते.

"शेवटी आजारी पडले तवा कपाळावर साधा खरचटा नव्हता," त्या म्हणाल्या. "सगळं आतच होतं. मी रोज हात धुऊन उशाशी बसत होतो. पट्टी बांधू तं कुठी बांधू?"

टीव्हीवर गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. बराच वेळ सरकत होती. इतके लोक लागतात एक माणूस घरी पोचवायला.

मग बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "लिही. लोक वाट पाहून राहिले असतीन."

मी मोबाइल काढला.

"शेवट पसंत हाय. सोनं नाही आणलं तरी चालते. पट्टी मात्र ढिली बांधली तिनं. उद्या बदलावी लागते."

नावं संपली. मशीन आपोआप पहिल्या पानावर आलं. बाईंनी बटन दाबलं. नदी आली, ओला काळा खडक आला, आणि खडकावर तो, पालथा, कपाळातून रक्त.

"पाह्य," बाई उठत म्हणाल्या, "परत लागलं त्याले."

अविनाशनं ते रिकामं खोकं उचललं, जरा वेळ हातात धरलं आणि कपाटावर, मागे, भिंतीला लावून ठेवून दिलं. मोरीतून नळाचा आवाज येत होता. साबणाचा वास आला. बाई हात धुवत होत्या, कोपरापर्यंत, सावकाश.