तरेभाऊंचं छत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले तरेभाऊ कोणाच्याही घरी गेले की चपला काढतात, "हाय का कोणी?" म्हणून विचारतात आणि हॉलमध्ये जमिनीवर उताणे पडतात.

पहिल्यांदा हे आमच्याच घरी घडलं. मी ऑफिसातून आले, तर दार उघडं आणि हॉलच्या मधोमध तरेभाऊ हातपाय पसरून पडलेले. डोळे सताड उघडे, नजर वर. मी पर्स टाकली आणि खाली बसून त्यांची नाडी शोधायला लागले. तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुमचा पंखा बरोबर डोळ्यावर येतो. पडलेल्या माणसाला नुसता गरगरतो."

आतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "अगं, त्यांना काही झालेलं नाही. ते बघतायत."

"काय बघतायत?"

"ते मलाही माहीत नाही. मी चहा ठेवलाय."

हे सगळं गेल्या उन्हाळ्यात सुरू झालं. तळमजल्यावर नसीमआपा राहतात, त्यांच्याकडेही भाऊ असेच पडून आले. त्यांच्या घरी छताला जुनी नक्षी आहे. ती भाऊंनी बराच वेळ पाहिली आणि "जास्त झाला, डोक्याला तरास होईल" असा निकाल देऊन ते उठले. नसीमआपांच्या नवऱ्याचे स्वतःचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, त्यांनी कामगार पुष्कळ पाहिलेत. पण घरात येऊन छत नापास करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

तरेभाऊ जन्मभर इथे भिवंडीतच पॉवरलूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम अडला की त्याच्या पोटात हात घालून तो चालू करणारा माणूस. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे भाऊंचे कान अर्धे गेलेत आणि आवाज दुप्पट झालाय. ते एखाद्याच्या कानात काही सांगायला वाकले की तळमजल्यावर नसीमआपा खिडकी उघडतात. मात्र बोलायचं नाही असं ठरवलं की हाच माणूस एक अक्षर बोलत नाही. विचारलं तर एकच उत्तर, "आधी बीम तर चढू दे." बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ. तो लूमवर चढल्याशिवाय कापडाचं नाव काढायचं नाही, हा कारखान्यातला नियम भाऊंनी सगळ्या जगाला लावलाय. निवडणुकीत कोण येणार? बीम चढू दे. आज भाजी काय? बीम चढू दे.

बायको जाऊन काही वर्षं झाली. एकुलती मुलगी प्रणाली लग्न होऊन पनवेलला गेली. त्यामुळे भाऊ एकटेच. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीत लूमची जुनी शटल, गंजलेली चाकं आणि एक बंद मोटार अशी संपत्ती होती. एके सकाळी ती सगळी भंगारवाल्याच्या गाडीवर चढलेली दिसली, तेव्हाच मला वाटलं होतं की काहीतरी शिजतंय. काय ते कळायला मात्र बरेच दिवस लागले, आणि तोवर आख्ख्या बिल्डिंगचा गोंधळ झाला.

सुरुवात रंगापासून झाली. भाऊंनी बेडरूमचं छत रंगवायला घेतलं. फक्त छत. भिंतींचे पोपडे पडलेले, एका कोपऱ्यात ओल, तिकडे ढुंकून बघितलं नाही. आधी छत हिरवं केलं. ते शेवाळ्यासारखं दिसलं म्हणून मोबाइलवर कुठल्याशा परदेशी खोलीचा व्हिडिओ बघून निळं केलं आणि त्यावर पांढरे ढग काढले. मला बोलावून विचारलं, "कसा वाटतो?"

"दहीभात सांडल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि वेळही नव्हता.

भाऊंना राग आला नाही. ते खाली आडवे झाले, नीट बघितलं आणि म्हणाले, "खरा हाय. आंबट दिसतो." दुसऱ्या दिवशी ढग गेले.

मग ते रंगाच्या दुकानातलं नमुन्यांचं कार्ड घेऊन रोज सकाळी गॅलरीत उभे राहायला लागले. कार्ड उन्हात धरायचं, एक डोळा मिटायचा, मान हलवायची. कुठलाच पिवळा पसंत पडेना. एक हळदीचा, एक आंब्याचा, एक रिक्षाचा. "ह्यातला एक बी खरा न्हाय," असं ते मला जिन्यात सांगायचे. खरा पिवळा म्हणजे कुठला, ते विचारलं की बीम चढू दे.

गॅलरीचं तर विचारू नका. खाटेच्या मापाची ती जागा. तिथे भाऊ ऊन मोजायचे. ऊन जमिनीवर जिथे पडेल तिथे खडूने रेघ मारायची, ते सरकलं की दुसरी रेघ. आठवडाभरात गॅलरी भूमितीच्या फळ्यासारखी झाली. त्या रेघांमध्ये ते माणसं बसवून बघत. नसीमआपा केळी द्यायला वर आल्या, तर त्यांनाही बसवलं.

"ऊन तोंडावर येतो का पायावर?"

"तोंडावर येतंय, तरेभाऊ. और अब मैं उठूं क्या? खाली डाळ लावलीय."

"जरा कलंडून बसा. हां. आता?"

माझ्या ऑफिसच्या गोदामात माल रचायच्या लाकडी चौकटी असतात, त्यांना पॅलेट म्हणतात. मोडकी पॅलेट भाऊंनी माझ्यामार्फत मागून आणली आणि त्यांची टेकायची बैठक केली. पॉलिश पेपरने घासघासून तिचा आरसा केला. तरी समाधान नाही. मलमलचा एक तुकडा घेऊन तो लाकडावरून ओढायचा, कुठे धागा अडकला की तिथे पुन्हा घासायचं. मी म्हटलं, "भाऊ, त्यावर माणूस बसणार आहे, मलमल नाही." ते म्हणाले, "मलमल बरी. ती बोलून तरी दाखवते."

मग त्यांनी बेडरूमच्या छताला एक लोखंडी हूक ठोकला. पलंग उंच होता, त्याचे पाय कापून तो बुटका केला. आणि मला विचारलं, "वहिनी, बाईमाणसाला पडल्या पडल्या वर काय दिसला म्हणजे बरा वाटेल?"

मी कपाळाला हात लावला. नसीमआपांना सांगितलं, तर त्यांनी क्षणात निष्कर्ष काढला. "निकाह करतोय."

"या वयात?"

"उमर क्या, सुनंदा? हूक कशाला लावलाय? झुला आहे तो. नवी बायको झुल्यावर बसणार, हा खाली पडून बघणार."

मला ते पटत नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतंही. मी आधी म्हणत होते की घर भाड्याने द्यायचं असेल. पण भाडेकरूसाठी कोणी छताचा रंग सारखा बदलत नाही. नवरीसाठी म्हणावं, तर भिंतीला रंग नको का? नवरी काय दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहणार? जिन्यात बायका भाऊंकडे बघून हसायला लागल्या. भाऊही उलट हसायचे, त्यामुळे संशय पक्का झाला.

एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आमच्या गॅलरीतून त्यांची गॅलरी तिरकी दिसते. भाऊ बुटक्या पाटावर बसले होते, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, दोन्ही पाय सरळ पुढे जोडलेले. पायांवर एक भलामोठा दुधी भोपळा आडवा. डाव्या हाताने त्यांनी दुधीचं देठ सांभाळलं होतं आणि उजव्या हाताने तांब्यातून पाणी घालत होते. मग त्यांनी दुधी अलगद पालथा केला आणि पाठ चोळली. दुधीची.

मी हातातला टॉवेल तसाच ओला टाकला, समोर गेले, बेल वाजवली नाही. "तरेभाऊ, आता बीमबिम काही नको. हे काय चाललंय?"

भाऊ दचकले. दुधी निसटला, त्यांनी तो दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी धरला. मग दार लावलं, माझ्या कानाशी वाकले आणि आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "पोरीला सातवा लागेल आता."

मी त्यांच्या छातीशी धरलेल्या दुधीकडे बघितलं. प्रणालीला दिवस गेले होते. बाळ हातात येईपर्यंत बाळाचं काही आणायचं नाही, त्याचं नावही काढायचं नाही, हे त्यांच्याकडे कडक. म्हणून हा माणूस इतके महिने बाळाची खोली सजवत होता आणि ती बाळाची खोली नाही असं सगळ्यांना भासवत होता.

"वस्तू एक बी आणली न्हाय," ते घाईने म्हणाले. "पाळणा न्हाय, त्याचा नुसता हूक. टोपडा न्हाय. दुधी पण भाजीचा हाय."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. पण प्रणालीच्या सासूबाईंनी निरोप पाठवला होता की तुमच्या घरात बाईमाणूस नाही, तर मुलीला इथेच राहू द्या. रागाने नव्हे, सरळपणे. भाऊंनी उलट निरोप धाडला की एकदा येऊन बघून जा, मग ठरवा. त्या पुढच्या रविवारी येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं, की संपलं.

"मालिशवाली सांगून ठेवलीय," भाऊ म्हणाले. "पण एखाद दिवशी ती न्हाय आली तर? मना यायला पायजे."

"दुधी फार गुळगुळीत आहे," मी म्हटलं. "टॉवेल भिजवून गुंडाळी करा. मूल जास्त लुळं असतं. आणि मान, मान सोडायची नाही." ते लगेच टॉवेल आणायला गेले.

पुढच्या रविवारी विहीणबाई आल्या, सोबत प्रणाली. भाऊंनी मला आणि नसीमआपांना बोलावून ठेवलं होतं, घरात बायका दिसाव्यात म्हणून. विहीणबाई नेमस्त बाई. त्यांनी संडास-बाथरूम बघितलं, पाण्याची टाकी विचारली, दवाखाना किती लांब ते विचारलं. मला त्या आवडल्या. मग बेडरूममध्ये आल्या, पोपडे आलेल्या भिंती बघितल्या आणि थबकल्या.

"व्याही, रंग अर्धाच राहिला का?"

"न्हाय, पुरा झाला. तुम्ही असा करा विहीणबाई, इथं खाली पडून बघा."

विहीणबाईंनी पदर सावरला. "मी? पडून?"

"तरेभाऊ!" नसीमआपा ओरडल्या.

शेवटी मीच पडले. कोणीतरी पडणं भाग होतं. सांगते ते खरं, खालून ती भिंत, ती ओल, काहीच डोळ्यात येत नव्हतं. वर फक्त फिका पिवळा रंग, आणि गॅलरीच्या दारातून येणारं ऊन कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते कळेना. भाऊंना खरा पिवळा सापडला होता. मी उठून एवढंच म्हटलं, "चांगलं आहे."

विहीणबाई गॅलरीत गेल्या. बैठक, दोन कुंड्या, लूमच्या कोऱ्या कापडाचा पडदा. त्यांनी खाली रस्त्यावर बघितलं. "ट्रकांची धूळ येणार इथे. कोवळं मूल असं बाहेर नाही ठेवता यायचं, व्याही."

"मूल न्हाय," भाऊ म्हणाले. "मूल आतच. ही जागा पोरीची हाय."

"पोरीची?"

"तिच्या वेळेला आम्ही लूमच्या मागं खोलीत राहत व्हतो. खिडकी न्हाय, वर पत्रा. हिची आई सव्वा महिना त्या पत्र्याकडं बघत पडली व्हती, वरून कापसाची भुकटी पडायची. मी शिफ्ट सुटून आलो की विचारायचो, काय आणू? ती म्हणायची, काय नको, जरा ऊन पायजे." भाऊंनी पडदा सारखा केला. "ऊन कुठून आणणार? मी सफरचंद न्यायचो."

प्रणालीला हे माहीत नसावं. ती हळूच बैठकीवर बसली, मागे टेकली, पाय वर घेतले. ऊन तिच्या पायांवर पडलं, तोंडावर नाही. तिने डोळे मिटले.

भाऊंना मात्र सगळा पाढा म्हणायचाच होता. मालिशवाली कोण, डिंकाचे लाडू नसीमआपा कसे करणार, रिक्षावाल्याला कसं सांगून ठेवलंय. त्यांच्या मोठ्या आवाजात विहीणबाईंचं बोलणं बुडून गेलं. त्या मध्येच म्हणाल्या होत्या, "ओटी भरून झाली की न्या. पहिले आठ दिवस मीही येईन." मग त्या हॉलमध्ये जाऊन बसल्यासुद्धा, आणि भाऊ गॅलरीतल्या पडद्याला शेकशेगडीची माहिती सांगत होते.

मी त्यांना दंडाला धरून गप्प केलं.

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "वहिनी, त्या काय म्हणल्या?"

"हो म्हणाल्या."

"खरा?"

"मी खोटं कशाला सांगू?"

"मंग आता मी काय करू?"

"चहा ठेवा," मी म्हटलं. "मघापासून त्या नुसत्या पाण्यावर बसल्यात."

ते आत गेले. आम्ही हॉलमध्ये बसलो. नसीमआपांनी पनवेलच्या हवेची चौकशी केली, विहीणबाईंनी भिवंडीच्या. बराच वेळ झाला तरी चहा येईना, आतून फक्त नाक ओढल्याचा आवाज येत होता. विहीणबाईंनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. प्रणाली उठायला लागली, तिला मी हाताने बसवलं.

"येतील," मी म्हटलं. "त्यांचा गॅसचा लायटर पटकन लागत नाही."

लायटर चांगला होता. तो मीच त्या आठवड्यात नवा आणून दिला होता.