मोहरीएवढी अरुंधती

उपेंद्रराव निवृत्त इंजिनियर. तेव्हा बायकोसाठी आकाश तयार करणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ! निदान बंगळूरातल्या मल्लेश्वरमच्या अर्ध्या गल्लीला त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं.

आसावरीताईंची दृष्टी तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली. त्यांचं एकच मागणं होतं. "अहो, मला एकदा अरुंधती दाखवा. लग्नात भटजींनी दाखवायला सांगितली, तर नेमके ढग! तुम्ही बोट केलंत, मी 'दिसली' म्हणून टाकलं. वाटलं, बघू पुढे कधीतरी. राहूनच गेलं हो."

उपेंद्ररावांना ते इतकं लागलं, की त्या दिवशी त्यांनी दुसरा चहासुद्धा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळपाटावर सप्तर्षी अवतरले. ठळक ताऱ्याला हरभरा, मंद ताऱ्याला मूग, आणि वसिष्ठाला खेटून अरुंधती म्हणून एक मोहरी! चिकटवायला काय, तर गुळाचा पाक. "चिक्कीतला दाणा कधी सुटतो का?" इंजिनियरच ते! पोळपाट गच्चीत वाळत पडला.

दुपारी समोरच्या गच्चीवरून कावेरीअक्का ओरडल्या, "अण्णा, इरुवे! इरुवे!"

बत्तीस वर्षांत उपेंद्ररावांचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या पुढे सरकलं नव्हतं. 'इरु' म्हणजे थांब, राहू दे, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक. पोळपाट तिथेच राहू दे म्हणतायत, कौतुक वाटलं असेल!

"सरी अक्का!"

"अय्यो, इरुवे!"

"सरी, सरी!"

संध्याकाळी पोळपाट आसावरीताईंच्या मांडीवर आला. उपेंद्ररावांनी चष्मा कपाळावर सरकवून त्यांचं बोट धरलं. शेपटाकडून पहिला हरभरा. दुसरा, वसिष्ठ. "आता किंचित वर..."

"सापडली!" आसावरीताई पोळपाटावर वाकल्या. "केवढीशी आहे हो! आणि... अहो, ही चालतेय!"

"तारे फिरतातच."

"आई गं! चावली!"

चष्मा खाली आला. सप्तर्षींमधून मुंग्यांची रांग लागली होती, आणि मोहरीचा पत्ता नव्हता. कन्नडमध्ये मुंगीला 'इरुवे' म्हणतात, हे ज्ञान उपेंद्ररावांना तिथे झालं.

"ती मुंगी होती गं," ते ओशाळून म्हणाले. "आणि लग्नात मी पाण्याच्या टाकीकडे बोट केलं होतं. मलाही काही दिसलं नव्हतं."

आसावरीताई खूप हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण जागा हीच ना?"

"हीच."

"मग दुसरी मोहरी आणा. चावू देत मुंग्या, मी बोट हलवत नाही."

उपेंद्रराव धावत जाऊन डबा घेऊन आले. उघडला तर जिऱ्याचा! आसावरीताईंचं बोट अजून तिथंच होतं.